फोटोग्राफरचे दुहेरी हातमोजे: हिवाळी सुट्टीच्या बॅगेत लेन्सच्या आधी भरायची वस्तू

हिवाळ्यातली सुट्टी फोटो काढणाऱ्यांचे फार लाड करते. उन्हाळ्यात चांगला उजेड गाठायचा तर पहाटे चारला अंथरूण सोडावं लागतं; हिवाळ्यात सूर्यच उशिरा उठतो, पोटभर नाश्ता करून निघालं तरी सूर्योदय सापडतो. शिवाय तो दिवसभर खालीच रेंगाळतो. ६० अंश अक्षांशावर हिवाळ्याच्या मध्याला भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून साडेसहा अंशांच्या आसपासच वर येतो. एरवी अर्धा तास मिळणारा तिरपा सोनेरी उजेड तिथे आकाश मोकळं असेल तर दिवस मावळेपर्यंत पुरतो. लांबच लांब सावल्या, झाडांवर गोठलेलं दव, श्वासाच्या वाफा. एवढं सगळं समोर मांडून ठेवलेलं असताना फोटो हुकतात ते बहुतेक वेळा बोटांपायी.

त्यातून सहल घरच्यांसोबत असते. सोबतचे लोक थंडीत दोन मिनिटं थांबतात, फार तर तीन. तेवढ्यात कॅमेरा काढायचा, डायल फिरवायचे, फोटो घ्यायचा आणि पुन्हा चालायला लागायचं. जाड हातमोजा काढा, खिशात कोंबा, फोटो घ्या, सुन्न हाताने परत घाला, हा खेळ तीनदा झाला की चौथ्यांदा कॅमेरा बॅगेतून निघतच नाही. फोटोग्राफीसाठी शिवलेले दुहेरी हातमोजे नेमकी हीच अडचण सोडवतात. आत बोटांना चिकटून बसणारा पातळ हातमोजा, वरून ऊबदार जाड हातमोजा, आणि वरच्या थराची बोटांची टोकं टोपीसारखी मागे दुमडणारी. शून्याखाली ५ ते १५ अंशांपर्यंत, म्हणजे सुट्टीत लोक जातात त्या बहुतेक हिवाळ्यांत, यांच्याइतकी उपयोगी दुसरी खरेदी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पण बाजारात या नावाखाली जे जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं चुकीच्या जागी पातळ आणि चुकीच्या जागी जाड असतं. म्हणून थोडं खोलात जाऊन.

थंडी लागली की शरीर पोटातली, छातीतली ऊब राखण्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. बोटांच्या त्वचेचं तापमान १५ अंशांच्या खाली गेलं की बारीक कामं बिघडायला लागतात. आणखी खाली गेलं की स्पर्शच कळेनासा होतो. शटरचं बटण अर्धं दाबलंय (म्हणजे फोकस) की पूर्ण (म्हणजे फोटो), हे बोटाला उमगत नाही आणि एकाऐवजी पाच फोटो निघतात, पाचही फोकस न झालेले. त्यात कॅमेऱ्याची बॉडी मॅग्नेशियमची, ट्रायपॉड ॲल्युमिनियमचा. धातू हातातली उष्णता भराभर ओढून घेतो, तेवढ्याच थंड असलेल्या प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी वेगाने. १९१० मध्ये निघालेल्या टेरा नोव्हा मोहिमेवरचे छायाचित्रकार हर्बर्ट पाँटिंग अंटार्क्टिकात फोकस करताना ओठांवरून जीभ फिरवत होते, तेवढ्यात ती कॅमेऱ्याच्या धातूला लागली आणि जागीच गोठून चिकटली. ओढून सोडवली तेव्हा टोकाची कातडी कॅमेऱ्यावरच राहिली. उघड्या बोटांनी गोठलेला कॅमेरा धरणं हा त्याचाच सौम्य प्रकार. म्हणून पहिली कसोटी ही, की टोपी मागे दुमडल्यावर खाली उघडं बोट दिसता कामा नये, आतला थर दिसला पाहिजे. एकाच थराचे, टोकाला चीर देऊन त्यातून नागडं बोट बाहेर काढणारे हातमोजे शून्याच्या आसपास ठीक आहेत. उणे दहाला ते उपयोगाचे नाहीत.

आतल्या थरावरच निम्मा निकाल लागतो. तो मेरिनो लोकरीचा किंवा थोडा ताणला जाणाऱ्या पॉलिएस्टरचा असावा. मेरिनो स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका दमटपणा ओला न वाटता पोटात घेते, म्हणून दिवसभराच्या वापराला ती सुखाची. पॉलिएस्टर लवकर वाळतं आणि जास्त टिकतं. सुती मात्र अजिबात नको. चढण चढताना हाताला घाम येतो, सूत तो धरून ठेवतं आणि वाळत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे २४ पट जास्त उष्णता वाहून नेतं, तेव्हा थांबल्याबरोबर तोच हातमोजा बर्फाच्या पिशवीसारखा वागायला लागतो.

तळव्यावर आणि बोटांच्या पोटावर पकडीसाठी ठिपके छापलेले असतात, त्यांचा पदार्थ विचारून घ्या. सिलिकॉनचे ठिपके कडक थंडीतही मऊ राहतात आणि डायलला धरून ठेवतात. स्वस्तातले पीव्हीसीचे ठिपके थंडीत टणक होऊन घसरतात, आणि वाकवून वाकवून तडकतात. ठिपके अंगठ्यावर आणि तर्जनीवर अगदी टोकापर्यंत हवेत. कित्येक जोडांत ते पेरापाशीच संपतात आणि डायल फिरवणारा भाग तसाच गुळगुळीत राहतो. शिवणही पाहा. ती बोटाच्या टोकावरून आडवी गेलेली असेल तर शटर दाबताना मध्ये गाठ येते. बोटाच्या कडेने गेलेली शिवण चांगली.

बाहेरच्या थराचे दोन घाट मिळतात. एकात पाची बोटं वेगळी आणि फक्त अंगठा-तर्जनीला टोपी, क्वचित मधल्या बोटालाही. दुसऱ्यात चारही बोटांना मिळून एकच पिशवी, ती अख्खी मागे उलटते आणि अंगठ्याची टोपी वेगळी. कॅमेरा चालवायला पहिला सोपा, कारण उरलेली तीन बोटं झाकलेलीच राहतात आणि पकड ढळत नाही. ऊब मात्र दुसऱ्यात निश्चित जास्त. बोटं एकत्र असली की एकमेकांना तापवतात आणि थंड हवेला लागणारा पृष्ठभागही कमी होतो. उणे पाच-सातपर्यंत चालत फिरायचं असेल तर पहिला घ्या. ट्रायपॉड लावून तास-तास उभं राहायचं असेल, तारे किंवा ध्रुवीय प्रकाश टिपायचा असेल, तर दुसराच घ्या, त्यात घासाघीस नको. उणे १५ च्या खाली दोन थरही अपुरे पडतात. तिथे या जोडावरून सैलसर, वारा न शिरणारी तिसरी पिशवी चढवावी लागते, आणि ती मनगटाला दोरीने बांधलेली असली तरच कामाची, नाहीतर पहिल्या झुळकीला उडाली.

दुमडलेली टोपी जागेवर कशाने राहते, हा प्रश्न दुकानात क्षुल्लक वाटतो, पण दिवसातून शंभर वेळा त्याच्याशीच गाठ पडते. वेल्क्रो मजबूत असतो, पण त्याचे आकडे लोकरीचे धागे आणि भुसभुशीत बर्फ धरून ठेवतात, दोन-तीन दिवसांत पकड निम्म्यावर येते. शिवाय तो उघडताना चर्रकन वाजतो, आणि समोरचं हरीण तुमच्या शटरच्या आधी निघून जातं. चुंबक शांत आणि एका हाताने चालणारे असतात, म्हणून माझी पसंती त्यांनाच. चुंबक लहान आणि जाड कापडाखाली असेल तर टोपी सुटून पुढे येते आणि नेमकी लेन्सच्या कोपऱ्यात लटकते. दुमडून हात जोरात झटकून पाहा, तीनदा झटकल्यावरही जागेवर असेल तर घ्या. चुंबकाने मेमरी कार्ड पुसलं जाईल ही भीती बाळगू नका, कार्डातली साठवण चुंबकीय नसतेच. फोनचा होकायंत्राचा काटा मात्र नक्की फिरतो. सूर्य कुठून उगवेल हे दाखवणारं ॲप वापरत असाल तर तेवढा वेळ फोन दुसऱ्या हातात, मनगटापासून लांब धरा. पेसमेकर बसवलेल्यांनी हे हात छातीपासून १५ सेंटिमीटर दूरच ठेवावेत; थंडीत हात काखेत घालायची सवय आपोआप होते, म्हणून त्यांच्यासाठी वेल्क्रोवालाच जोड बरा.

मापात सर्वात जास्त लोक चुकतात. अंगठा सोडून तळव्याचा घेर, बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांवरून फीत फिरवून मोजा, मूठ किंचित वळलेली असू द्या. मग मधल्या बोटाची लांबी, टोकापासून तळव्यावरच्या घडीपर्यंत. घेर एका मापात आणि लांबी दुसऱ्या मापात येत असेल तर आतल्या हातमोज्यासाठी लांबीचं ऐका, बाहेरच्यासाठी मोठ्या मापाचं. आतल्याच्या बोटांच्या टोकाला सुरकुती राहता कामा नये, तीच सुरकुती दोन बटणं एकदम दाबते. बाहेरच्यात मात्र पूर्ण मूठ वळल्यावरही बोटाच्या टोकापुढे थोडी हवा राहिली पाहिजे. घट्ट हातमोजा रक्ताभिसरण अडवतो आणि अडकलेली हवा दाबून काढतो. ऊब देणारी गोष्ट ती हवाच असते. "वापरून सैल होईल" या भरवशावर बाहेरचा जोड घेऊ नका, कृत्रिम अस्तर सैल होत नाही, विरतं.

घ्यायच्या आधी कॅमेरा सोबत न्या आणि हातमोजे घालून क्रमाने एवढं करून पाहा: बॅगेची चेन उघडा, लेन्सची टोपी काढून बसवा, शटर अर्धं दाबून धरा, एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, कमीजास्त करायचा डायल मोजून तीन खटके फिरवा, बॅटरीचं झाकण उघडा, मेमरी कार्ड दाबून बाहेर काढा. एसडी कार्ड २४ बाय ३२ मिलिमीटरचं असतं, आतल्या थरानिशी ते जमायलाच हवं. नाही जमलं तर थर जाड आहे. मायक्रोएसडी १५ बाय ११ मिलिमीटरचं. ते कुठल्याच हातमोज्यात जमत नाही, छोट्या ॲक्शन कॅमेऱ्याचं किंवा ड्रोनचं कार्ड खोलीतच बदलून निघा.

टचस्क्रीनवर चालतो, असं हल्ली प्रत्येक जोडावर लिहिलेलं असतं. बोटाच्या टोकात वीज वाहून नेणारा धागा विणलेला असेल तर चालतोही. पण तो धागा घासला की संपतो, आणि घासायची जागा शटरवर टेकणारी तर्जनीच. पहिल्या हिवाळ्यानंतर तर्जनी रुसते आणि अंगठा चालत राहतो, असा हा सर्वसाधारण प्रवास. स्क्रीन ओली असेल तर नवा धागाही गडबडतो. थंडीत स्पर्शाने फोकस बिंदू हलवण्यावर अवलंबून राहू नका, जॉयस्टिक किंवा बटणं वापरा.

कॅमेराही थोडा हातमोज्यांच्या सोयीने लावून घ्यावा लागतो. फोकस कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या बटणाला जोडा, म्हणजे शटर अर्धं दाबायची नाजूक कसरत उरत नाही. बर्फाचं दृश्य असेल तर एक्सपोजर अधिक १ वर आधीच ठेवून निघा, लख्ख उन्हात बर्फाने चौकट भरली असेल तर अधिक १.७ ते २ पर्यंत. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर पांढऱ्याला करडं समजतं, त्यामुळे आपसूक काढलेला बर्फ मळका येतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या काळोख्या-उजळ भागांचा आलेख, उजव्या कडेला टेकून कापला जात नाही ना, तेवढं पाहा. बधिर हात थरथरतात, तेव्हा नेहमी १/६० सेकंदाच्या शटर वेगावर धीट असणाऱ्यांनीही १/२५० पेक्षा हळू जाऊ नये. लेन्स बदलणं शक्यतो टाळावं, हातमोज्यांचे तंतू सेन्सरवर पडतात. सुट्टीला एकच झूम लेन्स लावून हिंडण्यात मोठं सुख आहे.

टोपी उघडायची सवयसुद्धा लावून घ्यावी लागते. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी, एवढंच उघडायचं. डावा हात लेन्सखाली असतो, तो झाकलेलाच राहू द्या. झूम रिंग पूर्ण हातमोज्यातही फिरते. फोटो झाला की हिस्टोग्राम बघत बसण्याआधी टोपी बंद करा, मग बघा. दातांनी ओढून टोपी काढू नका. श्वासाची वाफ अस्तरात शिरते आणि अर्ध्या तासात तिथे कडक बर्फ होतो.

बाहेरच्या थराला मनगटावर किंवा हाताच्या पाठीवर छोटी चेन असलेला खिसा असतो, तो गरम पुड्यांसाठी. या पुड्यांत लोखंडाची भुकटी, मीठ, पाणी आणि कोळसा असतो; लोखंड गंजताना जी उष्णता सुटते तीच हाताला मिळते. गंजायला हवा लागते. म्हणून पुडी थंडीत पोहोचल्यावर नव्हे, निघायच्या २० मिनिटं आधी उघडून हलवा आणि नीट तापल्यावरच खिशात घाला. पूर्ण बंद, वारा न शिरणाऱ्या हातमोज्यात ती गुदमरून थंड पडते. बाहेर काढून हलवली की पुन्हा पेटते. काम झाल्यावर हवाबंद पिशवीत टाकली तर प्रक्रिया थांबते आणि उरलेली ऊब दुसऱ्या दिवशी वापरता येते. थेट कातडीला लावू नका, सुन्न हाताला भाजल्याचं कळत नाही. खिसा तळव्याच्या बाजूला असलेला जोड टाळा, पकड जाते.

बॅटरीवर तापणारे हातमोजे बोटं लवकर पांढरी पडणाऱ्यांना खरोखर वरदान आहेत, पण त्या लोकांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. इतरांनी त्यांच्या मागे लागू नये. मनगटावरचा बॅटरीचा डबा जॅकेटच्या बाहीत अडकतो, तारेची शिवण बोटाच्या वळणावर तुटते, आणि ज्या थंडीत त्यांची गरज असते त्याच थंडीत त्यांची बॅटरी दमते. विमानाने जाणार असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात नाही, हातातल्या बॅगेत न्याव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंतच्या साधारणपणे परवानगीशिवाय चालतात. ७.४ व्होल्ट आणि २.२ अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे १६ वॉट-तासांची भरते, म्हणजे तिथे अडचण नाही.

याच संदर्भात कॅमेऱ्याच्या बॅटरीचंही सांगायला हवं, कारण लोक गरम पुडी हातात ठेवतात आणि बॅटरी बाहेरच्या कप्प्यात. थंडीत बॅटरीच्या आतला अंतर्गत रोध वाढतो, व्होल्टेज खाली येतं आणि कॅमेऱ्याला ती संपल्यासारखी वाटते. चार्ज आतच असतो. जादा बॅटऱ्या शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा, संपलेली काढून तिथे ठेवा, अर्ध्या तासाने ती पुन्हा चालते. गोठलेली बॅटरी लगेच चार्जरला मात्र लावू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. खोलीत शिरण्याआधी कॅमेरा बाहेरच हवाबंद पिशवीत घाला. बाष्प मग पिशवीवर धरतं, लेन्सच्या आत नाही. कार्ड आधीच काढून घेतलं की दोन-तीन तास पिशवी उघडायचा मोह होत नाही.

ट्रायपॉडच्या पायांच्या वरच्या भागाला फोमची नळी गुंडाळलेली असावी. नसेल तर पाइपांना लावतात तो फोम चिरून टेपने बसवा. त्याने उत्तम हातमोज्यांइतकाच फरक पडतो, आणि हातमोज्यांचा तळवाही लवकर विरत नाही.

हे हातमोजे मोडतात ते ठरलेल्या जागी. आधी आतल्या थराच्या तर्जनीला भोक पडतं. लोकरीचा असेल तर त्याच रंगाच्या धाग्याने जाळी विणून बुजवा, गाठ बाहेरच्या बाजूला ठेवा. मग टोपीच्या बिजागरीची शिवण उसवते. खरेदीच्या वेळी तिथे दुहेरी टाका आहे का बघा, एकेरी असेल तर वापरायच्या आधीच एक ओळ मारून घ्या. चामड्याचा तळवा पकडीला छान, पण तो पाणी पितो. हिवाळ्याच्या सुरुवातीला मेण चोळा. ओले झालेले हातमोजे हीटरवर टाकू नका, चामडं तडकतं आणि चुंबकाच्या कडेचा गोंद सुटतो. थर वेगळे करा, बोटं उलटी करा, हवेशीर जागी टांगा. आतले अंगावरच्या कपड्यांत ठेवून झोपलं तरी सकाळपर्यंत वाळतात. दोन्ही थर एकमेकांना शिवून टाकलेले जोड या एका कारणासाठी घेऊ नयेत, ते रात्रभरात वाळतच नाहीत.

आणि कितीही चांगला जोड घेतला तरी छातीवर पुरेसे कपडे नसतील तर हात गारच राहणार. धड उबदार असलं की शरीर हाताकडे रक्त पाठवायला हात आखडता घेत नाही. बाही आणि हातमोजा यांच्यामध्ये मनगट उघडं पडत असेल तर तेही आधी बुजवा, लांब मनगटपट्टीचाच जोड घ्या. हात गारठलेच तर दंड सरळ ठेवून वीस-तीस वेळा जोरात गोल फिरवा, रक्त बोटांच्या टोकांपर्यंत ढकललं जातं. बोटाचं टोक पांढरं पडून काहीच जाणवेनासं झालं तर फोटो तिथेच थांबवा, हात काखेत घ्या. चोळू नका, बर्फाने तर मुळीच नाही.

ज्यांचा सगळा कारभार फोनवर चालतो त्यांना हा जोड लागणार नाही, चांगला आतला थर आणि खोल खिसे पुरतात. बाकीच्यांनी घ्यावा. आतला थर लाल किंवा नारिंगी रंगाचा निवडा, करडा हातमोजा बर्फावर पडला की सापडत नाही. आणि आतल्याचाच आणखी एक जोड, थोड्या लहान मापाचा, आतल्या खिशात ठेवा. फोटो काढणारा निदान हलत असतो. समोर हसत उभं राहिलेलं माणूस फोटोत बरं दिसावं म्हणून हातमोजे काढून उभं असतं, आणि त्याची बोटं तुमच्या आधी गारठतात.